यशराजच्या खात्यावर

विश्रामबाग, सांगली
१७ नोव्हेंबर २०२४

श्री. नाथाजी घार्गे यांस,

नमस्कार. मी शरयू केळकर. यशराजच्या दहाव्याला औंधला आले होते. तुम्हाला आठवणार नाही. त्या दिवशी तुमच्यासमोरून किती माणसं गेली असतील. कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवत होते आणि तुमचा मुलगा सायकल शर्यतींची तयारी माझ्याकडे करत होता. तो औंधला चालवायचा, मी सांगलीत बघायची. पायडलवर पडणारा जोर वॉटमध्ये आणि छातीच्या पट्ट्यावरून हृदयाचे ठोके, हे दोन्ही त्याच्या फोनमधून माझ्या संगणकावर यायचे. फेरी चालू असतानासुद्धा मला दिसायचं, आत्ता कुठे आहे, किती जोर लावतोय.

पत्राचं कारण असं. गेल्या मंगळवारी सकाळी त्याच्या खात्यावर एक फेरी उमटली. दीड वर्षानंतर. मी चहाचा कप हातात घेऊन उभी होते, तशीच उभी राहिले. आधी वाटलं, काहीतरी बिघाड असेल. मग आकडे पाहिले. पंच्याऐंशी वॉट जोर आणि ठोके एकशे एकसष्ट. यशराज एवढ्या ठोक्यांना दोनशे चाळीस वॉट द्यायचा. त्यानंतर आणखी दोन फेऱ्या आल्या, तशाच.

हे हृदय त्याचं नाही, एवढं मला कळतं. कुणाचं आहे ते कळत नाही. सायकल कुणाला दिली असेल तर चांगलंच झालं. फक्त त्या माणसाला सांगा, की इतक्या कमी जोराला ठोके इतके चढणं बरं नाही.

तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही. यशराजचा आहे, पण तो लावायचा धीर होत नाही. म्हणून पत्र.

आपली,
शरयू केळकर


औंध
२३ नोव्हेंबर

शरयू मॅडम, रामराम.

पत्र मिळालं. सायकल कुणाला दिल्याली न्हाई. म्याच चालवतो.

तुमी पत्र लिवलं हे बेस झालं. फोनवर त्याचं नाव निघालं की माझा आवाज बसतो. अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली, सुभेदार म्हणून घरी आलो, सगळा संसार पत्रावरच केला. पोरगंबी पत्रातच वाढलं. रजेवर आलो की दर खेपेला ईतभर उंच झाल्यालं असायचं. मी कायमचा घरी आलो तवा ते सायकलवर असायचं. सकाळी उठून बघावं तर गेल्यालं. मग त्या रातीला मित्राच्या मोटारसायकलीवर मागं बसून येत हुतं, तिथंच संपलं. सायकल घरातच हुती, भिंतीला. तिला वरखडाबी न्हाई.

दिवाळीला खोली झाडताना खाली काढली. हवा भरली, त्याचा छातीचा पट्टाबी बांधला. त्याचा फोन मी चार्ज करूनच ठेवतो, का ते इचारू नका. पायडल मारलं तर हँडलवरचं मीटर आपसूक चालू झालं. त्याच्यात हिरवा, पिवळा, तांबडा असे पट्टे हायत. मी हिरव्यातच चालवतो, म्हंजे बरं चाललं असणार.

आनि मॅडम, फोनमदी एक रेघ हाय. तो हुता तवर ती डोंगरागत वर गेल्याली. मग घसरत घसरत तळाला. मी तीन दिस चालवली तर इत्तुशी उचलली. त्या दिशी मला जेवण गेलं. ती रेघ त्यानं सोडली तिथपतूर न्हेऊन ठेवायची, येवढंच मला पायजे. कसं करायचं ते शिकवाल का? तुमी त्याला शिकवलंय.

नाथाजी घार्गे


सांगली
२८ नोव्हेंबर

सुभेदार साहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग घरात फिरत राहिले.

आधी कामाचं. तो हिरवा पट्टा यशराजचा आहे. चोवीस वर्षांच्या, रोज चार तास चालवणाऱ्या मुलाच्या हृदयाला बसवलेला. त्याचं जे हिरवं, ते तुमचं तांबडं आहे. तुम्ही पंचावन्नच्या आसपासचे असाल, एकशे साठ ठोके म्हणजे तुम्ही शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात असल्यासारखे धावताय आणि मीटर सांगतंय, आरामात चाललंय. त्या रंगांच्या पट्ट्यांकडे बघणं बंद करा. आधी साताऱ्याला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. आणि तुमच्या नावाचं वेगळं खातं उघडा, म्हणजे पट्टे तुमचे होतील.

दुसरं, त्या रेघेचं. ती फक्त सांगते, माणूस किती राबला. किती सुधारला ते वेगळं मोजायचं. सपाट रस्ता घ्या, ठोके एकशे पंधराच्या वर जाऊ देऊ नका आणि बघा त्यात किती वॉट निघतात. महिनाभराने पुन्हा बघा. तेवढ्याच ठोक्यांत जोर वाढला, तर हृदय शिकतंय. यशराजलाही पहिलं वर्ष मी हेच करायला लावलं होतं. फार चिडायचा. बैलगाड्या पुढे जातात म्हणायचा.

शिकवेन, जरूर. माझ्याकडे सध्या सहाजण आहेत, तुम्ही सातवे. यशराजसारखीच तुम्हालाही एक अट. आकडे आपोआप येतील, पण मधूनमधून चार ओळी लिहायच्या. झोप कशी आहे, मन कसं आहे, ते आकड्यांत येत नाही.

शरयू केळकर


औंध
५ जानेवारी २०२५

मॅडम, रामराम.

हुकूम पाळला. एकशे पंधरा ठोके. पयल्या दिशी बासष्ट वॉट निघालं, काल एकाहत्तर. तुमी तिकडं बघितलंच असंल, पण सांगू वाटलं. रहिमतपूरच्या बाजूला जातो नि माघारी येतो. उसाच्या ट्रॅक्टरवाली पोरं गाणी लावून पुढं जात्यात, हात करत्यात. त्यास्नी वाटत असंल म्हाताऱ्याला याड लागलं. यशराज चिडायचा हे वाचून लय बरं वाटलं. मला तो कवाच चिडून बोलला न्हाई. पाहुण्यागत वागायचा माझ्यासंगं.

दवाखान्यात गेलो न्हाई. फौजेत दर साली मेडिकल व्हायचं, कवा काय निघालं न्हाई.

खातं मातुर नवीन नको. त्याचं खातं बंद पडल्यागत हुईल. आत्ता कसं, फेरी झाली की फोनवर येतं, "शाब्बास यशराज". कुणीतरी त्याला शाब्बास म्हणतंय. ऱ्हाऊ द्या.

मन कसं हाय इचारलं तुमी. घरात मी नि अंजना, दोघंच. भाकरी झाली म्हणती, पाणी तापलंय म्हणती. येवढंच. मी सायकलवर कुठं जातो ते तिनं अजून इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई. वाईट न्हाई ती. तिचंबी तोंड बंद, माझंबी.

तुमची ती सहाजणं कशी हायत? यशराजपरास कोण जोरात हाय का?

नाथाजी


सांगली
१२ जानेवारी

सुभेदार साहेब,

सहाजण नाहीत. कुणीच नाही. यशराजनंतर मी शिकवणं थांबवलं. तुम्ही एकटे आहात असं लिहिलं असतं तर तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून तो आकडा लिहिला. मलाही जरा आधार वाटला. मुलगी पुण्यात असते, फोन करते, पण तिच्या आवाजामागे नेहमी कुठलीतरी मीटिंग चालू असते. रविवारी सकाळी मी सवयीने संगणक लावायची आणि यशराजचं पान उघडून बसायची. काही नसायचं. तरी तासभर जायचा.

तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिलं. आता कामाचं.

बासष्टचे एकाहत्तर झाले, छान. पण गेल्या दहाबारा दिवसांत एक गोष्ट दिसते आहे, ती आवडत नाही. तुम्ही जोर तेवढाच ठेवता, सत्तरच्या आसपास, आणि ठोके मात्र फेरी संपेपर्यंत एकशे पंधरावरून एकशे तीसच्या पुढे सरकतात. उन्हात, पाणी कमी प्यायलं तर थोडं असं होतं. पण जानेवारीत, सकाळी, सपाट रस्त्यावर होऊ नये. आधी होत नव्हतं. हृदयाला तेच काम जड जातं आहे. दम लागतो का? छातीत, हातात, जबड्यात काही होतं का? कृपा करून तपासून घ्या.

आणि कालच्या फेरीत ठोके आलेच नाहीत, नुसता जोर आला. छातीच्या पट्ट्यातला सेल संपला असेल. छोटा, बटणासारखा असतो. साताऱ्यात मिळेल.

शरयू


औंध
१८ जानेवारी

मॅडम,

सेलच संपला असंल. साताऱ्याला गेलो की आणतो. दम बिम काय न्हाई, तब्येत ठणठणीत.

तुमचं पत्र वाचून अंजनाला सांगावं वाटलं, की सांगलीत एक बाई हायत त्याबी त्याचं पान उघडून बसत्यात. पण जमलं न्हाई.

एक इचारायचं हुतं. गावच्या मूळपीठाच्या डोंगरावर, यमाईच्या देवळाकडं जाणारा रस्ता, यशराज तिथं लय चढायचा म्हणं. त्याचा सगळ्यात चांगला दिवस किती वॉटचा हुता?

नाथाजी


सांगली
२३ जानेवारी

सुभेदार साहेब,

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी जणू वाट बघत होते.

तीनशे बारा. पावसाळा नुकताच संपला होता, रस्ता ओला होता. मी इथे संगणकासमोर उभी राहून ओरडत होते, शेजारच्या वहिनी बघायला आल्या. वर पोचल्यावर त्याने फोन केला. धाप इतकी, की शब्दच फुटेना. मी म्हटलं, "अरे बोल की!" तर म्हणतो, "मॅडम, आईनं सकाळी दशम्या दिल्यात, त्या आता खातो." एवढंच बोलला आणि ठेवून दिला.

अशा आठवणी काढायच्या असतील तर रोज काढू. पण सेल बसवा. मला नुसता जोर दिसतो, माणूस दिसत नाही.

शरयू


औंध
१४ फेब्रुवारी

शरयूबाई,

मी अंजना, यशराजची आई. सातवीपतूर शिकल्ये, चुकलं तर समजून घ्या.

हे घरी आल्यात. साताऱ्याला दवाखान्यात हुते. काळजाची एक नळी जवळजवळ बंद हुती, तिथं डागतरांनी जाळी बसवली. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड हुतं.

त्या दिशी दोन तारीख हुती, यशराजचा वाढदिवस. हे तांबडं फुटतानाच सायकल घिऊन मूळपीठाच्या डोंगराला गेले. मला सांगितलं न्हाई. निम्म्या चढाला छातीत कळ आली, तर कठड्याला टेकून खाली बसले. तिथं वर आमच्या शेजारच्या भाऊसोंचं नारळाचं दुकान हाय. ते दुकान उघडाय चालले हुते, त्यास्नी वाटलं, दमलाय गडी, बसलाय. तेवढ्यात ह्यांच्या खिशातला यशराजचा फोन वाजाय लागला. हे काय उचलंनात. बंद व्हायचा नि परत वाजायचा. भाऊसोंनी काढून बघितलं, तर वर नाव "शरयू मॅडम". तुमी त्यास्नी म्हणालात, "त्यांना उठवू नका, चालवू नका, आहे तिथेच बसवा आणि गाडी बोलवा. लगेच." भाऊसो सांगत हुते, बाई सांगलीत बसून असं बोलत हुत्या जशा शेजारीच उभ्या हायत. भाऊसोंनी जीप काढली म्हणून ही वेळ निभावली.

छातीचा त्यो पट्टा ह्यांच्या विजारीच्या खिशात सापडला. सेल चांगला हुता. मी इचारलं, हे काय? तर म्हणाले, "ठोके दिसले की मॅडम थांब म्हणत्यात. मला त्याच्या वाढदिवसाला वर जायचं हुतं." म्हणून काढून ठेवल्याला. लय दिस झालं हुतं म्हणं.

बाई, ह्यांस्नी वाटतं मला कायबी ठावं न्हाई. मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. सकाळी अंगणात चेनीचा आवाज यायचा, तसाच, त्यो निघायचा तवा यायचा तसा. मी जागी असायची. पांघरूण तोंडावर घिऊन पडायची, नि वाटायचं पोरगंच चाललंय. म्हणून कवा इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्यो आवाज बंद झाला असता.

आता तर बंदच झालाय. हे दिसभर आढ्याकडं बघत पडत्यात. डागतर म्हणत्यात हालचाल करा, तर उठत न्हाईत. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील. कायतरी करायला सांगा, घरातल्या घरात.

अंजना घार्गे


सांगली
९ मार्च

सुभेदार साहेब,

तुमच्यावर रागवायचं ठरवून बसले होते. त्या सकाळी पडद्यावर तुमचा ठिपका डोंगराच्या मध्यावर थांबला आणि जोर शून्य झाला. मी वाट पाहिली. ठिपका हलेना. मग ज्या नंबरला हात लावायचा मला धीर नव्हता, तोच लावला. भाऊसोंनी उचलेपर्यंत माझं काय झालं, ते लिहीत नाही. तुम्हाला बरं वाटल्यावर रागवेन.

तुमच्या डॉक्टरांशी मी बोलले. अंजनाताईंनी नंबर दिला. त्यांची हलकं पायडल मारायला हरकत नाही, पण रस्त्यावर नाही. मागचं चाक उचलून धरणारा एक स्टँड असतो, सायकल जागच्या जागी चालते. माझा जुना स्टँड एसटीच्या पार्सलने पाठवला आहे. ओसरीत लावा.

तुमच्या नावाने नवं खातं मी उघडलं आहे. यावेळी विचारलं नाही. यशराजचं पान त्याने जसं ठेवलं तसंच राहील, तुमच्या फेऱ्यांसकट. त्या मी पुसणार नाही. पण ती रेघ तुम्ही त्याच्या जागेपर्यंत कधीच नेऊ शकणार नाही, साहेब. कुणालाच जमणार नाही, मलाही नाही. हे मी नोव्हेंबरातच लिहायला हवं होतं. लिहवलं नाही.

आता तुम्हाला जे औषध चालू आहे, त्याने ठोके दबून राहतात. त्यामुळे छातीचा पट्टा लावा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबता येणार नाही. चाळीस वॉटच्या वर जाऊ नका आणि एक खूण पाळा. पायडल मारताना अख्खी वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता बोलता श्वास तुटला, की जोर जास्त झाला. हे एकट्याने नाही कळत. समोर कुणीतरी बसायला हवं, बोलायला.

शरयू


औंध
३० मार्च, पाडवा

शरयू मॅडम, रामराम.

स्टँड पोचला. भाऊसोंनी येऊन बसवून दिला. ओसरीत सायकल लावलीया, तोंड अंगणाकडं. तुमचं पत्र अंजनानं वाचून दाखवलं. शेवटचं वाचून झालं तर ती उठली, पाट आणला नि समोर बसली.

पयल्या दिशी काय बोलावं ते सुचंना. मी म्हणालो, म्हशीला पेंड घातली का. ती म्हणाली घातली. मीटरवर चाळीस वॉट, नि घरात नुसता चाकाचा आवाज. तिनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं बंद करावं, तर म्हणाली, "चालू ऱ्हाऊ द्या." दुसऱ्या दिशी गावातल्या लोकांवर बोललो. तिसऱ्या दिशी तिनंच चालू केलं. असं करत दोन आठवडं झालं. डागतरांनी परवा तपासलं, बरं हाय म्हणाले. श्वास तुटत न्हाई. रोज तुमी तिकडं बघत असाल, हे ध्येनात हाय. सेल बसवलाय.

आज सकाळचं सांगतो. गुढी उभी केली, मग सायकलवर बसलो. ती पाटावर येऊन बसली नि म्हणाली, "तुमाला एक ठावं न्हाई." मी तवा चीनच्या हद्दीवर तवांगला हुतो, पोरगं तिसरीत. शेजाऱ्याची मोठी सायकल मागून आणली म्हणं त्यानं. पाय पुरत न्हाईत, तर दांड्याखालनं पाय घालून चालवायचं. ही शाळंच्या पटांगणात सीट धरून मागं पळायची, लुगडं खोचून, सगळं गाव बघतंय तरी. एक दिवस पळता पळता हिचा हात सुटला. पोरगं पुढं गेलं ते गेलंच. हिला आनंद झाला नि भ्यावबी वाटलं. मोठ्यांदा हाक मारली, तर त्यो माघारी वळून बघायला गेला नि पडला. गुडघं फोडून घेतलं. हिला म्हणाला, "आई, तू हाक मारली न्हाईस तर मी पडत न्हाई."

ती हसाय लागली मॅडम. हसत हसत रडाय लागली. दोन वर्सांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मी इचारलं, "काय म्हणून हाक मारली हुतीस?" तर तिनं सांगितलं. तशीच मारून दाखवली, मोठ्यांदा, अंगणात ऐकू जाईल अशी. म्हशीनं मान वळवून बघितलं.

तुमच्या पडद्यावर आजची फेरी आली असंल. जोर सारखा हाय, चाळीस वॉट, पाय मी हलू दिला न्हाई. तरीबी मधी ठोके येकाएकी वर गेल्यात, औषध चालू असताना. घाबरू नका, फोन करू नका. कळ न्हाई, दम न्हाई. तवा ती "यशराज" म्हणाली हुती.

नाथाजी